मुलाच्या हाती पहिली रायफल

पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. त्यानंतर आठ-दहा वर्षांच्या मुलांनी घरोघर रायफलीचा हट्ट धरला असल्यास नवल नाही. हट्ट वावगा नव्हे. वावगी आहे ती महाग तेच उत्तम मानणारी पालकांची समजूत.

स्पर्धेच्या एअर रायफलीचे वजन ५.५ किलोपर्यंत असू शकते. प्रौढ नेमबाज हा भार कोपर कमरेला टेकवून हाडांवर तोलतो. पंचवीस किलोचे पोर तेच करू लागले, की पाठ नको तितकी मागे झुकते, मान दस्त्याकडे ओढली जाते आणि जडलेली खोड पुढे कोणत्याही गुरूला सुटता सुटत नाही. (मोठ्यांच्या बाकांवर बसविलेली बालवर्गातील मुले आम्ही मास्तरकीत पुष्कळ पाहिली आहेत.) नळी मोडून ताणावयाची स्वस्त बंदूकही कामाची नाही, तिला मोठ्याचे बळ लागते आणि निसटलेली नळी बोटे ठेचते.

पहिली रायफल हलकी, एका वेळी एकच छर्रा घेणारी, आखूड दस्त्याची असावी आणि पुढून तिचा भार टेकूने घ्यावा. मुलाने डोळे मिटून ती खांद्याला लावावी. डोळे उघडताच मान न ताणता लक्ष्य दिसले आणि बोट सहज चापाशी पोचले, तर माप बरोबर. जर्मनीत बारा वर्षांखालील मुले सामान्यतः प्रकाशकिरणाच्या रायफलीवरच शिकतात, कारण तेथील कायदा त्यांना एअर रायफलही सहसा देत नाही.

परंतु माप बरोबर असले म्हणजे धोका टळला, असे नव्हे. अमेरिकेतील केंटकी राज्यात ३० एप्रिल २०१३ रोजी पाच वर्षांच्या मुलाला भेट मिळालेल्या, खास मुलांसाठी बनविलेल्या रायफलीतून गोळी सुटली व त्याची दोन वर्षांची बहीण दगावली. रायफल घरात कोपऱ्यात उभी होती. आत गोळी राहिल्याचे कोणाच्या ध्यानी नव्हते. ती खऱ्या काडतुसाची होती, हे खरे; पण एअर रायफलीचा छर्राही डोळा घेऊ शकतो.

म्हणून पहिली रायफल मुलाची नसावीच, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती नेमबाजी केंद्राची असावी, तेथेच कुलपात राहावी आणि प्रशिक्षकाच्या हातूनच मुलाच्या हाती यावी. अशा चार-दोन छोट्या रायफली व टेकू प्रत्येक जिल्हा क्रीडासंकुलास पुरविणे शासनास अवघड नाही. पदकविजेत्यांच्या सत्कारांवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने तर मुळीच नाही.