धनकोंचे दोन वर्ग

कायद्यापुढे सर्व समान, असे आपली राज्यघटना सांगते. परंतु येणे वसूल करण्याची वेळ आली की या देशात धनकोंचे दोन वर्ग पडतात, आणि न्यायाची गती धनकोच्या ऐपतीवरून ठरते.

समजा, एका शेतमजुराने ६० हजारांना म्हैस विकली. ४५ हजार हाती आले. उरलेले १५ हजार दिवाळीनंतर देण्याचा वायदा झाला. घेणारा बागाईतदार, म्हणजे ऐपतीचा प्रश्नच नाही. दिवाळी गेली, शिमगा गेला, पैसे आले नाहीत. मजुराने जावे कोठे? ग्राहक संरक्षण कायदा फसलेल्या ग्राहकासाठी आहे, किंमत न मिळालेल्या विक्रेत्यासाठी नव्हे. पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे ऐकावे लागते. उरतो दिवाणी दावा: वकिलाची नोटीस, कोर्ट फी, समन्सची बजावणी आणि तारखा. प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते, वर एस्टीचे भाडे. हुकूमनामा झाला तरी पैसे हाती पडत नाहीत. वसुलीसाठी पुन्हा दरखास्त दाखल करावी लागते.

याच देशात बँकांचे येणे अडकले तेव्हा काय झाले? १९९३ साली संसदेने त्यांच्यासाठी स्वतंत्र कर्जवसुली न्यायाधिकरणे निर्माण केली. तेथे प्रवेशाची मर्यादा तेव्हा १० लाखांची होती, २०१८ पासून ती २० लाखांची आहे. तेवढ्याने भागेना म्हणून २००२ च्या कायद्याने ६० दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात न जाता, तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना दिला. दिवाणी न्यायालयांतील विलंब शासनाला पुरता ठाऊक होता. त्यातून वाट काढून दिली ती मात्र मोठ्यांना.

काही साथी विचारतील, आपण धनकोची बाजू का घ्यावी? १८७५ साली सुप्यापासून पेटलेल्या दख्खनच्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, कारण दिवाणी न्यायालय सावकाराचे हत्यार झाले होते. शंका रास्त आहे. परंतु म्हैस विकणारा मजूर सावकार नव्हे. विकलेल्या जनावराची बुडवलेली किंमत आणि बुडवलेली मजुरी यांत तत्त्वतः भेद नाही. ऋणकोला तुरुंगात डांबा, असेही आमचे म्हणणे नाही. केवळ दारिद्र्यामुळे फेड न करू शकणाऱ्यास डांबणे अन्याय्य आहे, हे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० सालीच निःसंदिग्धपणे सांगितले. कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची गुरे व बियाणे यांना जप्तीपासून असलेले संरक्षणही अबाधित राहिले पाहिजे. प्रश्न आहे तो ऐपत असून पैसे दडपणाऱ्याचा.

उपाय अज्ञात नाही. २००८ च्या ग्राम न्यायालय कायद्यात पुराव्याच्या तांत्रिक नियमांत न अडकता सहा महिन्यांत दावा निकाली काढण्याची तरतूद आहे. परंतु दोन कायद्यांची भाषा ताडून पाहावी. बँकांच्या न्यायाधिकरणांविषयी १९९३ चा कायदा म्हणतो, केंद्र सरकार ती स्थापन ‘करील’. ग्राम न्यायालयांविषयी २००८ चा कायदा म्हणतो, राज्य सरकार ती स्थापन ‘करू शकेल’. या एका क्रियापदात शासनाचे वर्गचरित्र सामावले आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: प्रत्येक तालुक्यात लहान येण्यांसाठी छापील अर्जावर, वकिलाविना चालणारे न्यायालय; आणि निकाल देणाऱ्यानेच वसुलीही करून द्यावी. तोवर कार्यकर्त्यांनी गावोगाव सांगावे की उधारीच्या विक्रीची सहीची चिठ्ठी घ्या. पैसे देय झाल्यापासून दाव्याची मुदत तीन वर्षे आहे, आणि मुदतीत सहीनिशी लेखी कबुली मिळाल्यास नवी मुदत सुरू होते. तालुका विधी सेवा समितीकडे जा. दावा लोकअदालतीत मिटल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते, व त्या निवाड्याला हुकूमनाम्याचेच बळ असते.

१५ हजारांना क्षुल्लक म्हणणाऱ्याने शेतमजुराच्या किती दिवसांची मजुरी त्यात आहे, एवढा हिशेब आधी करावा.