पक्ष्याची टोपी

गेल्या स्नेहसंमेलनात विविध वेशभूषेच्या कार्यक्रमास ‘पक्ष्यांच्या टोप्या’ असा एक विभाग जोडावा, ही सूचना आमचीच होती. तिचे श्रेय आम्हांस पुष्कळ मिळाले. दोषही आमच्याच पदरी घालावा, म्हणून हा लेख.

टोप्या मोठ्या गमतीच्या झाल्या होत्या यात शंका नाही. पेणेतील मूर्तिकाराच्या घरच्या एका मुलाने कागदाच्या लगद्याचा खंड्या केला होता. त्याची चोच इतकी लांब, की नमस्कारासाठी तो वाकताच अध्यक्षांना मान मागे घ्यावी लागली. एका मुलीने कापसाचा बगळा आणला होता. दोरी ओढताच पंख हलविणारा मुंबईहून विकत आणलेला पोपट आला, आणि पहिले बक्षीस आम्ही परीक्षकांनी त्यालाच दिले.

त्यानंतर रोह्याकडचा नववीतील एक विद्यार्थी रंगमंचावर आला. त्याच्या डोक्यावर वासुदेवाची टोपी होती: मोरपिसांचा उंच शंकू, वर पितळी कळस. ती त्याच्या आजोबांची. सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो. मुलगा चिपळ्या न वाजविताच आत गेला व दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही.

आमचे मत असे, की त्या दिवशी वेशभूषा अशी एकच होती. बाकी सर्व खेळणी होती. वासुदेव पहाटे दारी येतो, पायघोळ अंगरखा, कमरेस शेला, हाती टाळ-चिपळ्या, आणि सुपातले मूठभर दान घेऊन पुढे जातो. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ व तुकाराम या सर्वांनी या फिरस्त्याचे रूपक आपल्या रचनेत घेतले. इतक्या थोरांनी ज्यास आपल्या वाणीत जागा दिली, त्यास आमच्या सभागृहात पाच मिनिटे शांतता मिळू नये?

तथापि आम्हांस अधिक बोचले ते निराळेच. पिसांच्या टोप्यांचा एक इतिहास जगात होऊन गेला आहे, आणि तो हसण्याजोगा नाही. १८८६ साली फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरून स्त्रियांच्या ७०० टोप्या मोजल्या. त्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे होती. पक्ष्यांच्या जाती ४० भरल्या. कित्येक टोप्यांवर तर पेंढा भरलेला अख्खा पक्षीच बसविलेला असे. सर्वांत मोल होते बगळ्याच्या तुऱ्याला. पुढे त्याचा भाव सोन्याच्या दुपटीस गेला. ही नाजूक पांढरी पिसे बगळ्याच्या अंगावर विणीच्या हंगामातच येतात. म्हणून शिकारी घरट्यापाशीच गाठून त्यास मारीत, आणि मागे पिले उपाशी मरत. खारेपाटाच्या बांधावर पावसाळ्यात जे शुभ्र पक्षी आमची मुले रोज पाहतात, त्यांच्याच गोताची ही कथा होय. हिंदुस्थान सरकारने १९०२ साली रानपक्ष्यांची पिसे परदेशी पाठविण्यास बंदी केली. विलायतेत ती आणण्यास मनाई करणारा कायदा व्हावयास मात्र १९२१ साल उजाडले. त्या कायद्यामागे स्त्रियांचेच श्रम मुख्य होते, हे आमच्या विद्यार्थिनींनी ध्यानी ठेवावे. मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांनी १८८९ साली, तर बॉस्टनमध्ये हॅरिएट हेमेनवे व मिना हॉल यांनी १८९६ साली संस्था काढल्या आणि ज्यांच्या डोक्यावर ती पिसे होती, अशा आपल्या मैत्रिणींनाच त्या टोप्या उतरावयास लाविले.

आता वासुदेवाची टोपी पाहा. पावसाळा सरता सरता मोर आपला पिसारा आपणच झाडून टाकतो; वर्षभरात नवा येतो. आम्ही त्या मुलाच्या घरी क्षमा मागावयास गेलो तेव्हा आजोबांनी टोपी मांडीवर घेऊन एकेक पीस सरळ करीत सांगितले, “मोरानं टाकलेलं पीस आहे, सर. मारलेल्या मोराचं आम्ही डोईवर धरत नाही.” मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला व १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. या घरातील नेम त्याहून जुना, हे ऐकून आम्ही खाली पाहिले.

कोणी म्हणेल, मुलांच्या करमणुकीत इतके गंभीर कशास व्हावे? करमणूक असावीच. खंड्याची ती चोच आम्हांस आजही आठवते व हसू येते. परंतु रोहे व मुरूड तालुक्यांतील फणसाडचे रान, जे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते, ते १९८६ पासून अभयारण्य आहे. आणि ज्यांच्या उशाशी हे रान आहे, अशा मुलांना बाजारातल्या पोपटाची जात सांगता येऊ नये, हे आम्हांस शिक्षक म्हणून लाजिरवाणे वाटते. बक्षीस घेणाऱ्यास आम्ही ती विचारली नाही, हा आमचा आणखी एक प्रमाद.

यंदा हा विभाग पुन्हा ठेवावा, पण प्रत्येकाने टोपी घालून तीन गोष्टी सांगाव्यात: पक्षी कोणता, तो राहतो कोठे, आणि टोपीवर खरे पीस असेल तर ते आले कोठून. या वेळी वासुदेवाच्या आजोबांनी स्वतः यावे, अशी विनंती आम्ही केली आहे. त्यांनी ती मान्य केली, मात्र एका अटीवर. दुपारी तीन वाजता रंगमंचावर ते उभे राहणार नाहीत. वासुदेवाची वेळ पहाटेची. तेव्हा संमेलनाच्या दिवशी शाळा उजाडण्यापूर्वी भरविता येईल काय, हा प्रश्न आम्ही मुख्याध्यापकांपुढे ठेविला असून त्यांच्या उत्तराची वाट पाहत आहो.