विकणारा नको, विचारणारा हवा

पुण्या-मुंबईच्या उपनगरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही 'वेलनेस कोच' अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. कुठे फ्लॅटच्या हॉलमध्ये सकाळी सहाला वजनकाटा मांडलेला असतो, मिक्सरमध्ये शेक फिरत असतो आणि भिंतीवर कुणाचे तरी 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो असतात. कुठे महिन्याची वर्गणी घेऊन फोनवरच आहार, झोप आणि ताण यांचं मार्गदर्शन चालतं. तिथे जाणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांना तिथे काय मिळतं ते बघा. कुणीतरी नाव घेऊन विचारतं, "वहिनी, काल फिरायला गेलात का? रात्री झोप लागली का?" वर्षानुवर्षं सगळ्या घराचे डबे भरणाऱ्या बाईला हे कुणी पहिल्यांदाच विचारलेलं असतं.

माझं सांगणं एवढंच, की गुण येतो तो या विचारपुशीचा. पावडरीच्या डब्याचा नाही. तेव्हा डबा घेण्याआधी असं विचारणारं माणूस मिळवा. ते बहुधा तुमच्या ओळखीतलंच असतं.

याला पुरावा आहे आणि तो शेजारच्या गोव्यातला आहे. 'संगाथ' ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. तिने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांसोबत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. रुग्णांशी बोलणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. स्थानिक माणसं निवडून त्यांना प्रशिक्षण दिलं होतं आणि त्यांच्या कामावर जाणकारांची देखरेख होती. प्रत्येक रुग्णाला सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी पाहिलं तर या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या त्या पातळीतून बाहेर आले होते. फक्त आरोग्य केंद्रातले नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

त्या भेटींत होत तरी काय होतं? मन लागत नाही म्हणून माणूस फिरणं सोडतो, देवळात जाणं सोडतो, मैत्रिणीचा फोन उचलत नाही. हे सगळं सुटलं की मन आणखीच उतरतं. समुपदेशक हे चक्र रुग्णाला दाखवून देत आणि मग दोघं मिळून एखादी लहानशी गोष्ट ठरवत. मूड आल्यावर करायची नाही. ठरलेल्या वेळी करायची, मूड मागून येतो. पुढच्या भेटीत आधी तिचीच विचारपूस, आणि अडलं असेल तर कुठे अडलं याचा शोध.

आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या उपक्रमाने हीच वाट गावपातळीवर नेली. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य केंद्राने गावातलेच स्वयंसेवक तयार केले. ऐकून घेणं, अडचणीतून मार्ग काढायला मदत करणं आणि गरज दिसली तर डॉक्टरकडे पोचवणं ही त्यांची कामं. सरकारी योजनेचा लाभ अडला असेल तर तो मिळवून देणं हेही त्यांच्याच कामात धरलं होतं. हा शहाणपणा फार मोलाचा वाटतो. ज्या आजीचं निराधार योजनेचं अनुदान थांबलंय, तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगून काय होणार? तिला तहसील कार्यालयात सोबत हवी असते.

आता हे घरच्या घरी कसं करायचं ते सांगतो.

पहिली पायरी तपासणीची. थकवा, चिडचिड, कशातच रस नसणं याचं मूळ पुष्कळदा शरीरात असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक. हिमोग्लोबिन आठवर आलेली बाई स्वतःला आळशी म्हणवून घेते, सासूही म्हणते, आणि ती बिचारी पहाटे उठून ध्यान करायचा संकल्प करते. तिला आधी लोहाच्या गोळ्या लागतात. थायरॉइड, बी-१२, रक्तातली साखर, रक्तदाब यांचंही तसंच. तिशी ओलांडलेल्यांसाठी रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्यवर्धिनी केंद्रात मोफत होते. आता त्या केंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी असते. तिथे एकदा जाऊन या आणि मगच स्वतःच्या स्वभावाला दोष द्या.

दुसरी पायरी एकच गोष्ट निवडण्याची. आपण मराठी माणसं पक्के आरंभशूर. एक जानेवारीला किंवा पाडव्याला चालणं, योगासनं, साखर बंद, रात्री दहाला झोप असं सगळं एकदम सुरू होतं आणि नव्याचे नऊ दिवस उलटले की सगळं एकदम थांबतं. यादीतली सर्वांत लहान गोष्ट उचला आणि तिला रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाका. 'मी आता व्यायाम करणार' याला अर्थ नाही. 'संध्याकाळचा चहा झाला, की चपला घालून सोसायटीला दोन फेऱ्या' याला आहे, कारण चहा काही चुकत नाही. आठवड्याला १५० मिनिटं जरा जोमाने चाला असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथे पोचायचंच आहे, पण दोन फेऱ्यांपासून.

'एकवीस दिवसांत सवय लागते' हे वाक्य व्हॉट्सॲपवर रोज फिरतं. पी हळद अन् हो गोरी. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडतो. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीसेक दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं. काहींना १८ पुरले, काहींचा हिशोब २५४ दिवसांवर गेला. त्याच अभ्यासातली दिलाशाची गोष्ट अशी, की मध्ये एखादा दिवस चुकला तरी विशेष बिघडत नाही. पाहुणे आले, फेऱ्या राहिल्या, तर राहू द्या. दुसऱ्या दिवशी चहा झाला की चपला घाला.

तिसरी पायरी विचारणाऱ्या माणसाची, आणि इथेच बहुतेकांचं अडतं. नवराबायकोने एकमेकांना विचारायला जावं तर दोन दिवसांत भांडण ठरलेलं. त्यापेक्षा बहीण, जुनी मैत्रीण, ऑफिसातला सहकारी किंवा फिरायला भेटणारे काका बरे. भिशी असेल, बचत गट असेल, तर आणखी उत्तम. गटाच्या बैठकीत हप्त्यांची नोंद होतेच. तेव्हाच प्रत्येकीने मागच्या वेळी ठरवलेली एक गोष्ट सांगावी आणि पुढची ठरवावी. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

विचारणाऱ्याने मात्र तीन पथ्यं पाळावीत. उपदेश करू नये. तुलना करू नये. आणि 'का नाही केलंस?' असं विचारू नये, कारण त्यावर फक्त सबबी मिळतात, 'कुठे अडलं?' असं विचारावं. समजा, बंगळुरूला नोकरी करणारा मुलगा सांगलीतल्या निवृत्त वडिलांना रविवारी फोन करतोय. "बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलं चालायला जा म्हणून," असं म्हटलं की फोन आईच्या हातात जातो. "बाबा, या आठवड्यात चालणं कुठे अडलं?" असं विचारलं तर कदाचित कळेल, की कोपऱ्यावर कुत्री अंगावर येतात. मग रस्ता बदलता येतो, काठी नेता येते, शेजारच्या अण्णांना सोबत घेता येतं. अडचण कळल्याशिवाय दिलेला सल्ला सहसा वायाच जातो.

मनातल्या गोष्टींनाही हीच रीत. 'फार टेन्शन आहे' यावर थांबू नका. कशाचं ते कागदावर उतरवा. मुलीची फी, गुडघ्याचं ऑपरेशन, जावेचे टोमणे, नोकरीची टांगती तलवार. मग प्रत्येकापुढे लिहा, की यात या आठवड्यात माझ्या हातून काय होण्यासारखं आहे. काहींपुढे फोन करणं येईल, काहींपुढे बँकेत जाणं. काहींपुढे काहीच येणार नाही. तेवढं विचारणाऱ्या माणसाला नुसतं बोलून दाखवा. प्रश्न सुटत नाही, पण तो एकट्याने वाहावा लागत नाही.

इथे घरातल्या पुरुषांना स्पष्टच सांगायला हवं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि करणाऱ्या पुरुषाची ८८. बायकोला 'स्वतःकडे लक्ष दे गं' म्हणून तिचा दिवस मोठा होत नाही. संध्याकाळची भांडी तुम्ही घासलीत तर तिच्या फेऱ्या होतील. भाजी निवडलीत तर ती पुस्तक उघडेल. आणि ताई, तुम्हीही तो वेळ कुणी केलेल्या उपकारासारखा घेऊ नका. भांडी जरा तेलकट राहिली तरी पुन्हा घासायला जाऊ नका.

हे सगळं करूनही पैसे देऊन कोच लावावासा वाटला तर जरूर लावा. चांगला कोच वेळ देतो, नीट ऐकतो, ठरलेल्या दिवशी विचारतो. पण आपल्याकडे ही पाटी लावायला कुठलाही परवाना लागत नाही हे ध्यानात ठेवा. अमेरिकेत २०१७ पासून या व्यवसायाची राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा आहे. इथे कसलीच सक्ती नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: तुमचं शिक्षण काय आणि कुठे झालं? माझी औषधं चालू आहेत, माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? तुम्ही काही विकता का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर त्या माणसाचा सल्ला आणि त्याचं कमिशन वेगळं करणं तुम्हाला जमणार नाही. डब्यावरचा एफएसएसएआय क्रमांक हा खाद्यपदार्थाचा परवाना असतो, रोग बरा होण्याची हमी नसते. पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापावंच लागतं, ते शोधून वाचा. मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. आणि कुणी म्हणालं, की शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्या बंद करा, तर तिथून उठा आणि घरी या.

विचारपुशीलाही मर्यादा आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास राहिलं, झोप आणि भूक बिघडली, कामं होईनाशी झाली, दारू वाढली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. जगणं नको असं वाटू लागलं तर त्याच दिवशी. विचारणाऱ्याला शंका आली तर त्याने आडपडदा न ठेवता विचारावं, "मरणाचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. खर्चाची काळजी असेल तर हेही माहीत असू द्या, की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं लागतं.

तेव्हा आज एवढं करा. एक गोष्ट ठरवा, कागदावर लिहा, आणि एका माणसाला फोन करून सांगा, की दर रविवारी मला हे विचार. त्या माणसाची एक गोष्ट तुम्ही विचारायची कबूल करा. रविवारी विचारणा झाली, की खरं सांगा. चालला नसाल तर नाही म्हणा, आणि कुठे अडलं तेही सांगा.