कधी तापते?

शेजारच्या काकांनी रविवारी सकाळी गॅरेजचं बिल माझ्यासमोर धरलं. ‘थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढला, कूलंट बदललं, मजुरी.’ बुधवारी मेहुण्याचा फोन. ‘दाजी, खंबाटकीत गाडीनं परत हीट घेतली.’ गेल्या महिन्यात दाखवली होतीस ना, काय केलं त्यांनी? ‘व्हॉल्व्ह काढून टाकला.’ गॅरेज वेगळं, गाव वेगळं, गाडी वेगळी, इंधनसुद्धा वेगळं. औषध मात्र तेच. पूर्वी गावाकडचा कंपाउंडर बाटलीला कागदाच्या खुणा चिकटवून ज्याला त्याला एकच लाल औषध द्यायचा. पण तोही ‘ताप कधी चढतो?’ एवढं तरी विचारायचा.

  या दोघांना गॅरेजात कुणी विचारलं नाही, म्हणून मी विचारलं.

काकांची गाडी पेट्रोल, नऊ वर्षांची. लोणावळ्यापर्यंत पळवली तरी काही तक्रार नाही. स्वारगेटच्या सिग्नलला पाच मिनिटं उभी राहिली की लाल दिवा. आणि एसी? ‘तोही सिग्नलला कोमट हवा फेकतो, गाडी सुटली की परत गार.’ निदान इथेच झालं. पळत्या गाडीला वारा मिळतो. उभ्या गाडीला फक्त पंखा. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढ्यातच असते आणि दोघींना वारा घालायला पंखा तोच. म्हणून दोन्ही तक्रारी एकाच वेळी. बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं, काकांना एसी लावायला सांगितला. पंखा लगेच फिरायला हवा होता. ढिम्म. फ्यूजच्या डब्यात हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, तो काढून पंख्याच्या जागी खोचला आणि पंखा गरगरला. सगळा खेळ दोन-अडीचशे रुपयांच्या रिलेचा. व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष असून हद्दपार झाला होता.

मेहुण्याचं नेमकं उलटं. त्याची डिझेल गाडी शहरात दिवसभर गुणी बाळासारखी वागते, कोंडीतसुद्धा. पंख्याचा घुंईऽऽ आवाज मला फोनवरही ऐकू आला. पण सात माणसं, टपावर सामान, दुपारचं ऊन, एसी चालू आणि साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ, की निम्म्यात वाफ. जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटला वाहून न्यावी लागते. चढावर इंधन जास्तीत जास्त जळतं आणि दुसऱ्या गिअरमध्ये वारा मिळतो जेमतेम. म्हणजे तिथे परीक्षा रेडिएटरची असते. त्याचा तर पुढून आरशासारखा स्वच्छ! एसीची जाळी सैल करून मागे पाहिलं, तर दोन जाळ्यांच्या फटीत धूळ, किडे आणि उसाच्या पाचटाचे तुकडे मिळून गोधडी झाली होती. आतला प्रकार वेगळाच. रेडिएटरमध्ये तीन वर्षं हा गृहस्थ बोअरचं पाणी भरत होता. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच बारीक नळ्यांमध्ये चढलेला. बॅटरीत घालायला डिस्टिल्ड पाण्याची बाटली आणतात, मग रेडिएटरलाच बोअर का?

म्हणजे एक उभी राहिली की तापते, दुसरी चढाला लागली की. एकीला वारा नाही, दुसरीची वारा घेणारी अंगंच बुजलेली. दोन्ही ठिकाणी व्हॉल्व्ह काढून काय मिळणार होतं? त्यात मेण असतं. पाणी ८२ ते ८८ अंशांच्या आसपास गेलं की ते फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी कुठेही तापते, सपाटीला, सकाळीसुद्धा. इंजिन उकळत असतं आणि रेडिएटर हाताला गार लागतो. तसं असेल तर बदला की. काढून फेकणं पद्मिनी गाडीच्या काळात खपून जायचं. आताचा कॉम्प्युटर इंजिन गारच आहे असं समजून जास्त इंधन ओततो. काही इंजिनांत तर व्हॉल्व्ह नसला की बरंचसं पाणी रेडिएटर टाळून जवळच्या वाटेनं परत फिरतं, म्हणजे ताप आणखी वाढतो.

रेडिएटरचं झाकणही तपासायला सांगितलंय. त्याची स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते, म्हणून पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग ढिली पडली की शंभरालाच वाफ. तपासायचं ते गाडी पूर्ण थंड झाल्यावर. घाटात हातात फडकं गुंडाळून झाकण फिरवणारे वीर दर उन्हाळ्यात दिसतात, त्यांच्याविषयी काही बोलत नाही.

 काकांच्या गाडीत तापमानाचा काटा असता, तर तो मधल्या खुणेवरून सरकताना त्यांना चार सिग्नल आधी दिसला असता. आता बऱ्याच छोट्या गाड्यांत नुसता निळा दिवा आणि लाल दिवा. लाल दिवा ताप आल्याचं सांगत नाही, तार आल्याचं सांगतो. माझ्याकडे आकडेवारी नाही, पण काटा गेल्यापासून इंजिनचं हेड उतरवायची कामं वाढली असणार यावर मी पैज लावायला तयार आहे. गाण्यांसाठी हातभर पडदा देतात. त्याच्या कोपऱ्यात एक आकडा दाखवायला काय जातं?

काकांच्या गाडीत नवा रिले आणि नवा व्हॉल्व्ह बसला. जुना गॅरेजवाल्याला सापडेना. मेहुण्यानं रेडिएटर बाहेर काढून साफ करून घेतला, योग्य कूलंट भरलं, आणि येत्या रविवारी भर दुपारी, एसी लावून, त्याच सात जणांसह तो खंबाटकी चढणार आहे. त्यात मलाही धरलंय. मी एसटीनं येतो म्हणालो.