बावडा एका ओळीत मावत नाही

दलित पँथरचा इतिहास वाचायला घेतला की बावड्याचं नाव येतंच. साल १९७२. इंदापूर तालुक्यातल्या या गावात दलितांवर सामाजिक बहिष्कार टाकला गेला. त्याच सुमारास परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली. मुंबईतले तरुण दलित लेखक-कवी पेटून उठले आणि पँथर उभी राहिली. पुढच्याच वाक्यात आपण मुंबईत पोचतो. बावडा मागेच राहतं.

पण बहिष्कार म्हणजे रोज नेमकं काय होतं? दळण कुठे दळायचं? किराणा कोण देणार? रानातली मजुरी थांबली की चूल कशी पेटणार? लपूनछपून मीठ-मिरची देणारं कुणी होतं का? आणि एक प्रश्न खास आपल्यासाठी: अशा वेळी गावातली मुसलमान घरं कुणाच्या बाजूनं उभी राहतात, की दार लावून गप्प बसतात? या प्रश्नांची उत्तरं बातमीत मावत नाहीत. त्यासाठी कुणीतरी गावात जाऊन राहावं लागतं, दोन्ही बाजूंच्या ओट्यावर बसावं लागतं आणि मग सविस्तर लिहावं लागतं.

मराठीत हे काम झालेलं आहे. ‘साधना’चा १५ ऑगस्ट १९७२ चा विशेषांक अनिल अवचटांनी संपादित केला होता. राजा ढाले यांचा गाजलेला ‘काळा स्वातंत्र्यदिन’ त्यातलाच. अवचट शिक्षणानं डॉक्टर. बिहारच्या दुष्काळी भागात फिरून त्यांनी ‘पूर्णिया’ लिहिलं, पुढे निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर लिहिलं. हमीद दलवाई १९७७ मध्ये गेले, तेव्हा अवचटांनी या मित्रावर ‘हमीद’ हे छोटं पुस्तक लिहिलं. दलवाईंची मतं पटोत वा न पटोत, एका माणसाचं आयुष्य कसं लिहावं हे शिकण्यासाठी ते वाचा. पी. साईनाथ यांचं ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ वाचा. त्यांनीच सुरू केलेल्या ‘पारी’वर विणकर, ऊसतोड मजूर, मच्छीमार यांच्यावरचे दीर्घ लेख मराठीत आहेत, तेही फुकट.

‘एवढं लांब कोण वाचतं?’ असं म्हणणारी आपली पोरं खुनाच्या मालिकेचे आठ भाग एका रात्रीत संपवतात. म्हणजे वेळ आहे. मात्र त्या मालिकांना प्रेत लागतं, कोडं लागतं. बहिष्कारात प्रेत नसतं. सगळ्या गावानं मिळून केलेला गुन्हा असतो आणि आरोपी दुसऱ्या दिवशी चावडीवर चहा पीत बसलेले असतात. म्हणून त्यावर मालिका निघत नाही.

आपल्या समाजाला तर एका ओळीची किंमत चांगलीच माहीत आहे. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातले शिक्षक अब्दुल वाहिद शेख नऊ वर्षं तुरुंगात काढून २०१५ मध्ये निर्दोष सुटले. तुरुंगातले अनुभव त्यांनी स्वतःच ‘बेगुनाह कैदी’त लिहिले. शिक्षा झालेल्या उरलेल्या १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयानं २१ जुलै २०२५ ला निर्दोष ठरवलं. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. अटकेच्या दिवशी मथळा मोठा असतो. मधल्या वर्षांत त्या घरांचं काय झालं, आणि स्फोटात माणसं गमावलेल्या घरांना अजून उत्तर का मिळालं नाही, हे सांगायला एकोणीस वर्षं त्या गोष्टीमागे चालणारा लेखक लागतो.

मात्र आपली गोष्ट दुसऱ्यांनी नीट लिहावी असं वाटत असेल, तर आपल्यालाही दुसऱ्यांची लिहावी लागेल, आणि आपल्या घरातलीही. बोहरा समाजातल्या सुधारकांनी सोसलेला बहिष्कार असगरअली इंजिनीयर यांनी जगासमोर आणला. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ मध्ये अमलात आला. तुमच्या जमातीत, मोहल्ल्यात कुणाचं बोलणं-चालणं बंद केलं गेलं आहे का? ‘इज्जतीचा प्रश्न आहे’ म्हणून आपण ते झाकून ठेवतो. मग बावड्याबद्दल बोलायचा आपला हक्क थोडा कमी होतो.

तेव्हा महिन्याला एक दीर्घ लेख वाचा आणि वर्षाला एक लिहा. मोठा विषय शोधत बसू नका. आपल्या तालुक्याचं एखादं जुनं प्रकरण घ्या, कोर्टाची कागदपत्रं मागा, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना भेटा. १९७२ मध्ये विशीत असलेली माणसं आज सत्तरी ओलांडून बसली आहेत. त्यांना विचारायला फार वर्षं उरलेली नाहीत.