शब्द तोडताना जरा जपून!

मेसच्या फळ्यावर कुणी 'पाणीपुरीआण' असं सलग लिहिलं, तर काय आणणार? पाणीपुरी, की पाणी आणि पुरी? आपण हसून सोडून देऊ. पण मित्रहो, चिनी माणूस रोज असंच वाचतो! चिनी लिखाणात दोन शब्दांमध्ये जागा सोडतच नाहीत. माणसाला अर्थावरून कळतं. सर्च इंजिनला मात्र शब्द आधी तोडून द्यावे लागतात, कारण कुठला शब्द कुठल्या पानावर आहे याची सूची करूनच ते शोध घेतं.

प्रोजेक्टला मी हा विषय घेतला तेव्हा वाटलं, त्यात काय एवढं! डिक्शनरी घ्यायची, सर्वांत लांब जुळणारा शब्द उचलायचा आणि पुढे सरकायचं. मग नानजिंगचा पूल आडवा आला. १९६८ साली सुरू झालेल्या या पुलाचं नाव शहरासकट लिहिलं की सात अक्षरं होतात. ती एका जागी तोडली तर 'नानजिंग शहर, यांगत्झी महापूल'. एक अक्षर पुढे तोडली तर 'नानजिंगचे महापौर, च्यांग दाछ्याओ'! मधलं एकच अक्षर 'छांग' वाचलं तर 'लांब', 'जांग' वाचलं तर 'प्रमुख'. पुलाचा महापौर झाला की नाही?

दुसरा मार्ग म्हणजे डिक्शनरी नकोच, शेजारशेजारच्या दोन-दोन अक्षरांची जोडी करून सूचीत टाकायची. इथे वेगळीच गंमत. चिनीत 'ह' म्हणजे 'आणि', 'फूवू' म्हणजे 'सेवा', आणि 'हफू' म्हणजे जपानी किमोनो. त्यामुळे किमोनो शोधला की 'उत्पादने आणि सेवा' लिहिलेली सगळी पानं हजर!

आमच्या ग्रुपमध्ये यावरून बरीच वादावादी झाली. बहुतेकांचं मत, शब्द जास्तीत जास्त अचूक तोडा, बाकी आपोआप होईल. मला हे पटत नाही. एक तर अचूक म्हणजे कुणाच्या मते? चीनने १९९२ मध्ये यासाठी राष्ट्रीय मानक काढलं. तरी २००३ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चार संस्थांचे चार संच होते आणि प्रत्येकाचे तोडायचे नियम वेगळे!

दुसरं म्हणजे, बरोबर तोडूनही पान हरवतं. 'पेकिंग विद्यापीठ' हा चिनीत चार अक्षरांचा एक शब्द धरला तर चूक नाही. पण सूचीत तेवढाच गेला, तर नुसतं 'विद्यापीठ' शोधणाऱ्याला ते पान मिळणारच नाही. म्हणूनच 'ज्येबा' या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये (नावाचा अर्थ 'तोतरा'!) शोधासाठी वेगळी सोय आहे. ती लांब शब्द ठेवतेच, शिवाय त्यातले छोटे शब्दही काढून देते.

माझं मत सरळ आहे. नको ते पान आलं तर क्रमवारीत खाली ढकलता येतं. जे आलंच नाही, त्याला कुठलीही क्रमवारी वर आणू शकत नाही. म्हणून शब्द आणि जोड्या दोन्ही सूचीत ठेवा आणि पूर्ण शब्द जुळला तर जास्त गुण द्या. सूची फुगेल, फुगू दे. आणि पान ज्या सुरीने कापलं, प्रश्नही त्याच सुरीने कापा. नाहीतर डिक्शनरीत नसलेलं एखाद्या डॉक्टरचं नाव पानात एका जागी तुटेल, प्रश्नात दुसऱ्या जागी. शोधणारा बिचारा समजेल, असा डॉक्टरच नाही!

रिपोर्टमध्ये टक्केवारी सुंदर दिसते, व्हायवालाही बरी पडते. पण शोधणाऱ्याला टक्केवारीशी काय देणंघेणं? शब्द नीट तोडला का, हे त्याला कधीच कळत नाही. पान सापडलं का, एवढंच कळतं. आपण मार्क त्यालाच द्यायला हवेत, नाही का?

- बी.ई. (संगणक)