चादर कोणत्या रंगाची होती?

मागच्या एका गुरुवारी सकाळी नगर-मनमाड रस्त्यावर एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढला. खांद्यावर घडी घातलेली चादर, एका हातात चपला, दुसरा हात वर, कारण नातू गर्दीत पुढे निघून गेलेला. माझा मोबाईल ब्लॅक अँड व्हाईटवर लावलेला होता. गेली दोन वर्षं तो तसाच असतो. फोटो बरा आला म्हणून शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत पहिली प्रतिक्रिया आली, "चादर हिरवी की भगवी?"

विचारणारा माणूस वाईट नाही. माझ्या घरी ईदला येतो, शीरखुर्मा डब्यात घालून घेऊन जातो. पण त्याला आधी तेच विचारावंसं वाटलं. वर गेलेला हात, हातातल्या चपला, हरवू पाहणारा नातू, यांच्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. मी उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर मला रंग आठवतही नव्हता.

शिर्डीत रंगाला तोटा नाही. गुलाबाचे हार, झेंडू, पेढ्यांच्या पाट्या, रामनवमीला मुंबईहून चालत आलेल्या पालख्यांचे टी-शर्ट, कपाळावर गंध लावत फिरणारी पोरं. मंदिरात मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे आमच्यासारख्या हौशी माणसाला उरतो तो रस्ता. सुरुवातीला मीही रंगीतच फोटो काढायचो. घरी येऊन बघितलं की प्रत्येक फोटोत एखादी जरीची शाल किंवा दुकानाचा फ्लेक्सच आधी दिसायचा. माणूस मागे राहायचा.

मग पुस्तकांत आणि इंटरनेटवर जुने फोटो बघायला लागलो. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर १९४७ मध्ये भारतात आला. ३० जानेवारी १९४८ ला, गांधीजींच्या हत्येच्या काही तास आधी, तो त्यांना भेटला होता. त्याच वर्षी त्यानं श्रीनगरच्या हरी पर्बतवर काढलेला एक फोटो मी कितीदा बघितला असेन. डोंगराच्या कडेवर उभ्या असलेल्या बायका दुआ करतायत, समोर ढग आणि हिमालय. आपल्याला दिसतात त्या पाठमोऱ्या. फोटोत चेहरा असलाच पाहिजे, ही माझी समजूत त्या फोटोनं मोडली.

होमाई व्यारावालांकडून वेगळं शिकलो. जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे.जे. मध्ये. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. पुढे दिल्लीत त्यांनी नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंत सगळ्यांना टिपलं, पण मला जास्त आवडतात ते त्यांचे त्याआधीचे मुंबईचे फोटो, सोबतच्या कॉलेजच्या मुलींचे. त्या मुली फोटो काढणाऱ्या बाईला घाबरलेल्या नाहीत. मी रस्त्यात उभा राहिलो की लोक मला पॉलिशवाला समजतात, म्हणजे भाविकांना गाठून दुकानात नेणारा एजंट, आणि तोंड फिरवतात. त्यामुळे हल्ली आधी चहा पितो, दोन शब्द बोलतो, मग मोबाईल काढतो.

केतकी शेठ यांचं मुंबईच्या रस्त्यांवरच्या फोटोंचं 'बॉम्बे मिक्स' हे पुस्तक २००७ चं. सगळं काळंपांढरं. त्यातली मुंबई सिनेमातली नाही. तीत पोरं आहेत, म्हातारे आहेत, नुसतीच थांबलेली माणसं आहेत. ते बघताना वाटलं, अरे, असं तर आपल्या गावातही रोज दिसतं.

आणि मग लक्षात आलं की रस्त्यावरचा एक मोठा काळापांढरा फोटो लहानपणापासून आपल्यासमोरच आहे. साईबाबा लेंडीकडे निघालेत, भागोजी शिंदे त्यांच्या डोक्यावर छत्री धरून चाललाय, आजूबाजूला गावची माणसं. भागोजीला महारोग होता, आणि बाबांच्या सगळ्यात जवळ चालणारा तोच. त्या फोटोत कफनी फक्त फिकट दिसते. आज त्याच रस्त्यावरच्या फ्रेमच्या दुकानांत जा. एका तसबिरीत कफनी भगवी, शेजारच्या तसबिरीत पांढरी, कुठे हिरवी. गिऱ्हाईक आपल्या मनासारखी उचलतं. १९१८ मध्ये बाबा गेले. मशिदीत राहिले आणि तिला द्वारकामाई म्हणाले. त्यांच्या हयातीत १८९७ पासून इथे उरूस भरायचा, १९१२ पासून त्यालाच रामनवमीचा उत्सव जोडला गेला, आणि संदलची मिरवणूकही चालू राहिली. रंग भरणाऱ्याला यातलं काहीतरी एक निवडावं लागतं. त्या जुन्या कॅमेऱ्याला ते करावं लागलं नाही.

इथे मला रघुबीर सिंग अडवतात. ते रंगीत फोटोंचे मोठे उस्ताद, मुंबईवरही त्यांचं सुंदर पुस्तक आहे. त्यांचं म्हणणं, काळापांढरा फोटो हा पश्चिमेचा, तिकडच्या उदासपणाचा वारसा. भारतीय माणूस जग रंगातूनच बघतो. मला हे सहजासहजी खोडून काढता येत नाही. आमच्या दर्ग्यावरच्या चादरीतून रंग काढून टाकला तर ती चढवणाऱ्या बाईला काय वाटेल? आणि आणखी एक. काळ्यापांढऱ्यात भिकारी फार 'कलात्मक' दिसतो. सुरकुत्या खोल होतात, भूक देखणी होते. मीही असे चार-पाच फोटो काढले होते. भरपूर लाइक मिळाले, नंतर ते काढून टाकले.

तरीही मोबाईलची सेटिंग मी बदललेली नाही. रंगावरून माणूस ओळखायची सवय इतकी लागलीय, मलासुद्धा, की थोडे दिवस ती मोडायला काहीतरी हत्यार हवं. हिरवी पट्टी दिसली की मीही क्षणभर 'आपला' म्हणतो. या दोन वर्षांत ते कमी झालंय. आता आधी हात बघतो. हार ओवणाऱ्या बायकांचे हात, पेरूच्या पाट्या उतरवणाऱ्यांचे, रांगेत लेकरू या कडेवरून त्या कडेवर घेणाऱ्या आयांचे.

परवा एका गुलाबवाल्या मावशींना त्यांचा फोटो छापून नेऊन दिला. मला तो माझा सगळ्यात चांगला वाटतो. त्यांनी तो उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "अरे बाबा, माझे गुलाब कुठं गेले? हे तर कोळशासारखे दिसतेत."

पुढच्या गुरुवारी रंगीत काढून दिला. तो त्यांनी टोपलीवरच्या प्लास्टिकला क्लिपनं लावलाय. काळापांढरा घरी ठेवलाय म्हणाल्या, आणि घरी ठेवलेला कुणाला दिसतो हे मी विचारलं नाही.